मंगळवाल्या काकांची अकरावी गोष्ट

अकोला स्टेशनवर गाडी हलली आणि बाबांनी दारातून माझ्या हातात स्टीलचा डबा कोंबला. "चिवडा आहे. डबा परत द्यायची घाई नाही," म्हणाले आणि हसले. मी तिथल्या तिथे झाकण उघडून वास घेतला, खोबरं खवट तर नाही ना म्हणून. हसू नका. मी आहेच तशी. दुधाचा वास घेतल्याशिवाय ते तापवत नाही, कुलूप दोनदा ओढल्याशिवाय जिना उतरत नाही. बाबांच्या त्या हसण्यावर मात्र मी डोळे मिटून विश्वास ठेवला. त्याला आता सोळा वर्षं झाली.

बाबा कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आणि दर दिवाळी अंकासाठी एका अमेरिकन लेखकाची एक गोष्ट मराठीत आणायचे. पन्नासच्या दशकात मंगळावरच्या वस्त्यांच्या गोष्टी लिहिणारा हा माणूस. आमच्या घरी त्याचं नाव मंगळवाले काका. ओहायोतल्या एका आडगावात खिळे-बिजागऱ्यांचं दुकान चालवायचे, आयुष्यात कधी विमानात बसले नाहीत. गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यामागे बसून पाठकोऱ्या कागदांवर मंगळ रंगवायचे. त्यांना कुठे काही अडलं की थेट शास्त्रज्ञांना पत्रं टाकायचे म्हणे. "गाव न सोडता इतकं लांब बघणारा माणूस," बाबा कौतुकाने सांगायचे. बाबांनीही अकोला कधी सोडलं नाही.

व्हर्जिनियातल्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. मी नाही म्हणायचं ठरवलं होतं. बाबा रोज म्हणायचे, "अगं जा, मी मजेत राहीन," आणि मला रोज वाटायचं, हा माणूस मन मारून बोलतोय. त्या दिवाळीत काकांची अकरावी गोष्ट छापून आली. एकट्या बापाचा मुलगा मंगळावर जातो. शेजारच्या घुमटात राहणारी बाई त्याला सूप पाठवते. डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून तो आपल्या रेशनमधली मूठभर साखर घालून देतो. इकडे पृथ्वीवर बाप स्वयंपाक शिकतो, गल्लीतल्या पोरांना गणितं सोडवून देतो. बाप मजेत आहे. अगदी खरोखर मजेत आहे. ते वाचून मी ढसाढसा रडले आणि होकार कळवला. ओहायोतल्या दुकानदाराला माझ्याशी खोटं बोलायचं काय कारण?

व्हर्जिनियात, हर्नडनला, पहिली पंधरा वर्षं अपार्टमेंटमध्ये गेली. मजल्यावर पुण्याचे, नागपूरचे, सगळे आपलेच. माझा डबा भाजी घेऊन जायचा आणि लाडू घेऊन परत यायचा. गेल्या वर्षी टाउनहाउस घेतलं. शेजारी लिंडा, रिटायर्ड शिक्षिका, फार गोड बाई. तिला साबुदाण्याची खिचडी दिली. तीन दिवसांनी डबा दाराशी आला. स्वच्छ, धुतलेला, वर थँक यूची चिठ्ठी, आणि आत ठणठणीत रिकामा.

"खिचडी आवडली नसेल का रे तिला?" मी नवऱ्याला विचारलं.

"यार, धुऊन दिला ना? अजून काय हवं?" निखिल म्हणाला. "त्यांच्यात नसतं तसलं काही."

त्यांच्यात नसतं! मग मंगळावरच्या त्या अमेरिकन पोराला साखर घालायची अक्कल कुठून आली?

झालं, माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांत जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून काकांच्या दहा गोष्टी मी इंग्रजीत गोळा केल्या होत्या. अकरावी मिळाली नव्हती. म्हटलं, मिळेल कधीतरी. आता काकांच्या गावच्या लायब्ररीला ईमेल केली. तिथल्या बाईंनी त्यांचे सगळे कागद चेक करून कळवलं, अशी गोष्ट त्यांनी लिहिलेलीच नाही. बाबांनी दुसऱ्या कुणाची गोष्ट ढापून काकांच्या नावावर खपवली की काय? कॉलेजचा खडू घरी आणला म्हणून मला ओरडणाऱ्या बाबांनी? आठ दिवस मी त्यांचा फोन टाळला.

शेवटी निखिलच वैतागला. "ऑडिट पुरे आता. सरळ विचार त्यांना."

व्हिडिओ कॉलवर बाबा चष्मा पुसत होते. मी विचारलं. ते जरा लाजल्यासारखे हसले.

"कुठून सापडणार गं? मीच लिहिली ती."

"काकांच्या नावावर? बाबा, हे खोटं आहे!"

"तुला माझं पटत नव्हतं. म्हटलं, त्यांचं तरी पटेल."

मला राग आला, आणि रडूही आलं. "मग तो बाप मजेत होता, ते?"

बाबा पुन्हा चष्मा पुसायला लागले. "गोष्टीत तेवढं चालतं," म्हणाले.

तुम्ही तिकडे राहिलेले असा की माझ्यासारखे इकडे आलेले, तुम्हाला काय सांगू? जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मी संशय घेतला, फक्त 'बाप मजेत आहे' या एका वाक्यावर घेतला नाही, कारण ते मला सोयीचं होतं. सोळा वर्षांत तीनदा अकोल्याला गेले. बॅगा भरभरून चॉकलेटं नेली आणि बाबांना नीट न्याहाळलंसुद्धा नाही. मजेत आहेत म्हणून छापूनच आलं होतं ना.

फोन ठेवता ठेवता बाबा म्हणाले, "तो डबा आहे का गं अजून?"

"आहे. मुगाची डाळ ठेवते त्यात."

"असू दे, असू दे. सहज विचारलं."

दुसऱ्या दिवशी मी डाळ बरणीत ओतली, डबा घासून पुसून ठेवला आणि पुढच्या महिन्याचं तिकीट काढलं. घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं की मी इतकी वर्षं हर्नडन सांगायचे. आता वाटतं, ज्या घराचा डबा आपल्याकडे राहिलाय, ते घर. रिकामा तर न्यायचा नाही, आणि आत काय घालावं ते अजून सुचत नाही. पण न्यायचा आहे हे नक्की. बाबा सहज काही विचारत नाहीत.