शाईचं बोट

आमच्या गावचे आमदार विधानसभेला चार वेळा उभे राहिले. दोनदा पडले, दोनदा निवडून आले. चारही वेळा मी त्यांच्या बाजूने मतमोजणीला बसलो आणि चारही निकालांच्या दिवशी कुणाचं ना कुणाचं हाड मोडलं. मतांचे आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. हाडांचे लिहिले नव्हते, ते आता लिहितो.

मी पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. माल किती आला, किती गेला, शिल्लक किती, हेच तेवीस वर्षं करतो आहे. त्यामुळे गावात आकड्यांचं काम निघालं की ते माझ्याकडे येतं. आमदार सरपंच होते तेव्हापासून मतदारयादीची त्यांची प्रत माझ्या कपाटात असते.

पहिल्यांदा ते अपक्ष उभे राहिले. सरपंचकी आणि पंचायत समितीची एक मुदत, एवढंच पाठीशी होतं. तिसऱ्या क्रमांकावर राहिले. मोजणीच्या गोदामाबाहेर समोरच्या बाजूच्या लोकांनी माझ्या चुलत्याला चहाच्या टपरीवरचं बाकडं उचलून मारलं. गळ्याखालचं हाड मोडलं. त्या बाजूचा हात चुलत्याला पुन्हा कधी डोक्यावर नेता आला नाही.

दुसऱ्यांदा पक्षाचं तिकीट मिळालं आणि ते निवडून आले. त्या दिवशी मारणारे आम्ही होतो. भूगावात आमच्या मिरवणुकीसमोर विरोधी उमेदवाराची जीप आली. तिच्या ड्रायव्हरला खाली ओढून गुडघ्यावर लोखंडी पाइप घातला. तो कुणाचा कार्यकर्ता नव्हता, भाड्याने गाडी चालवणारा माणूस होता. मी तीस पावलांवर होतो. आवाज मला ऐकू आला, आणि मी गुलाल पुसत पुढे गेलो.

तिसऱ्यांदा ते पडले, आणि आमच्या संपर्क कार्यालयावर दगड आले. त्यातला एक माझ्या बरगडीला लागला. दोन बरगड्यांना तडा. दीड महिना मी बसूनच झोपलो.

चौथी निवडणूक दिवाळीनंतर झाली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मी ते लक्षात ठेवलं नाही, म्हणूनच पुढचं सगळं झालं.

आमच्या गावात मतदानाची दोन केंद्रं आहेत. एक गावठाणाचं. दोन नंबरच्या केंद्रावर खालची आळी आणि टेकडीवरची धनगरवस्ती मतदान करते. मोजणीला जाळीच्या एका बाजूला अधिकारी यंत्र घेऊन बसतात, दुसऱ्या बाजूला आम्ही. अधिकारी यंत्राचं बटण दाबतो, एकेका उमेदवाराची मतं येतात, ती आम्ही लिहून घेतो. आपल्या गावाचं यंत्र आलं तेव्हा मी घाईत होतो. मी फक्त आमच्या उमेदवाराचा आकडा लिहिला. स्टोअरमध्ये माझ्या हाताखालच्या माणसाने असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर सुनावलं असतं.

दोन नंबरच्या केंद्रावर मागच्या वेळी आम्हाला तीनशे बारा मतं होती. या वेळी एकशे शहात्तर. एकशे छत्तीस कमी. माझ्याकडे यादी होती. वस्तीवरची नावं मोजली, एकशे एक्केचाळीस भरली. एकशे छत्तीस आणि एकशे एक्केचाळीस. आकडे इतके जवळ आल्यावर मला वाटलं, हिशोब लागला. हे आकडे एका चिठ्ठीवर उतरवून मी वस्तीच्या नावाभोवती गोल काढला.

आत फोन नेऊ देत नाहीत. दुपारी फाटकापाशी आलो तर आमदारांचा पुतण्या उभा होता. गावातलं राजकारण तोच बघतो.

"अण्णा, साहेब येतायत निवडून, पण आपल्याच गावात नाक कापलं म्हणतायत समदी. कुणी कापलं?"

मी चिठ्ठी दिली. "केंद्र दोन. वस्तीचा आकडा जुळतोय."

तो चिठ्ठी वाचून हसला. "अण्णा, तुमी मानूस न्हाई, मशीन हाय."

मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

मिरवणूक साडेचारला गावाच्या वेशीत आली. आमदार पुढच्या उघड्या गाडीवर होते. मागे तीन ट्रॅक्टर. मी मधल्या ट्रॉलीत उभा होतो. आमदारांची गाडी देवळाकडे वळली आणि पुतण्याचा ट्रॅक्टर सरळ टेकडीला लागला. आमचाही त्याच्या मागे गेला.

वस्तीवर सात-आठ घरं आहेत. अंगणात जाळी लावून लंगड्या शेळ्या आणि चार-पाच कोकरं ठेवलेली होती. मोठा कळप दिसत नव्हता. तेही मी पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला नाही. पोरांनी झेंड्यांच्या काठ्या उपसल्या. आधी कुत्रं मारलं. ते भुंकत पुढे आलं होतं, दोन काठ्यांत खाली बसलं, मग उठलं नाही. जाळी तोडली. एका शेळीच्या पाठीत दगड घातला, ती मागचे पाय ओढत चुलीकडे गेली. पहिल्या घराचं कूड लाथांनी आत पाडलं.

घरातून म्हातारा बाहेर आला. सगळे त्याला आप्पा म्हणतात. सत्तरी ओलांडलेला, गुडघे गेलेले. त्याची सून दाराच्या आड उभी होती.

"कशापायी मारताय रं? काय केलं आमी?"

"साहेबाला पाडायला निघाला व्हता व्हय रं, थेरड्या?"

"म्या साहेबालाच टाकलंय मत! ह्ये बघ की!" म्हणून त्याने डाव्या हाताचं बोट वर केलं. मतदानाची शाई अजून काळी होती. त्याला वाटलं, ही शाई म्हणजे पुरावा.

पुतण्या म्हणाला, "ह्याच बोटानं बटन दाबलं न्हवं? आना हिकडं."

दोघांनी मनगट धरलं. पाटा घरासमोरच होता, त्यावर हात ठेवला. तिसऱ्याने वरवंटा घेतला. एकदा नाही, तीनदा. पहिल्या वेळी म्हातारा ओरडला. दुसऱ्या वेळी त्याच्या तोंडातून फक्त श्वास आला. तिसऱ्या घावाच्या आधीच तो पडला होता, हात तेवढा पाट्यावर होता. सून धावत आली तर तिला केसांना धरून मागे फेकलं, डोकं उंबऱ्यावर आपटलं. कपाळ फुटलं. तिच्या चेहऱ्यावर रक्त आणि आमच्या पोरांच्या अंगावरून सांडलेला गुलाल, दोन्ही होतं. कुणीतरी शिट्टी वाजवली आणि ट्रॅक्टर वळले.

मी ट्रॉलीतून उतरलो नाही. पंधरा मिनिटं झाली असतील. कमी-जास्त नको, पंधराच.

पौडच्या दवाखान्यातून त्याला पुण्याला पाठवलं. तर्जनी कापावी लागली, मधलं बोट वाकडंच राहिलं. पोलिसांनी लिहिलं, टेकडीवरून पाय घसरून पडला. गावकीने आणखी एक ठरवलं. वस्तीचं पाणी गावच्या टाकीवरून जातं, त्याचा व्हॉल्व्ह बंद केला. आमदारांचा सत्कार पंधरा दिवसांनी होता. तिथे आप्पाने सगळ्यांसमोर उभं राहून आम्ही दगा दिला असं म्हणायचं आणि पाया पडायचं, मग पाणी सोडणार. आप्पाने दवाखान्यातूनच सांगून पाठवलं, "न्हाई केलं त्ये केलं म्हनून कसं सांगू?" सून कपाळाला पट्टी बांधून हंडे घेऊन अर्धा डोंगर उतरून खालच्या झऱ्यावर जाऊ लागली.

दर निवडणुकीनंतर आमच्या केंद्रावरचा प्रतिनिधी त्याची यादी मला आणून देतो. मत देऊन गेला की त्या नावापुढे तो खूण करतो. चौथ्या दिवशी रविवारी दुपारी ती यादी मी उघडली. वस्तीच्या एकशे एक्केचाळीस नावांपुढे खुणा होत्या एकोणीस.

मी पुन्हा मोजल्या. एकोणीसच.

मग मी केंद्रावर झालेल्या एकूण मतदानाचा कागद काढला. मागच्या वेळी चारशे अठ्ठ्याण्णव जणांनी मत दिलं होतं, या वेळी तीनशे एकोणऐंशी. एकशे एकोणीस माणसं आलीच नव्हती. विरोधी उमेदवाराची मतं मी लिहिली नव्हती, ती एका ओळखीच्याला फोन करून विचारली. सतराच वाढली होती.

वस्ती दर वर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरते, खाली कोकणात जाते. आधीच्या निवडणुका दिवाळीआधी झाल्या होत्या, तेव्हा सगळे इथेच असायचे. या वेळी मतदान झालं तेव्हा ते डोंगराखाली होते. मागे राहिली होती म्हातारी माणसं आणि दोन-चार बाया. कुणी दगा दिला नव्हता. लोक इथे नव्हते, एवढंच. आणि जे होते त्यांनी मत दिलं, त्यातल्या एकाचं बोट आम्ही ठेचलं.

बायकोने विचारलं, "एवढा वेळ काय बघताय?" मी तिला तीन आकडे सांगितले. ती म्हणाली, "ती चिठ्ठी तुम्हीच दिली होती ना?"

सोमवारी अर्धी रजा काढून मी संपर्क कार्यालयात गेलो. बाहेर वीसेक माणसं अर्ज घेऊन बसली होती. आमदारांनी मला लगेच आत घेतलं. मी यादी आणि कागद टेबलावर ठेवले. त्यांना आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. त्यांनी पानावरून बोट फिरवलं.

"एकोणीस," ते म्हणाले. "त्यातले निम्म्याहून जास्त आपलेच असतील."

"साहेब, म्हणजे वस्तीचा काही दोष नाही. पाणी सोडायला सांगा. सत्कारात म्हाताऱ्याला उभं करू नका."

"अण्णा, मला मतदानाच्या दिवशी दुपारीच माहीत होतं. वस्तीवर दोन गाड्या पाठवल्या होत्या माणसं आणायला. रिकाम्या आल्या परत."

"मग मिरवणुकीच्या दिवशी..."

"मिरवणुकीत मी देवळात होतो." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला नाही. "पोरं दोन महिने राबली. लीड घटलं की त्यांना कुणावर तरी राग काढायचा असतो. माझ्यावर काढतील का? तुमच्यावर काढायचा का? पाण्याचं बघतो मी सत्कार झाला की. यादी इथं ठेवा."

"यादी मी नेतो साहेब."

"अण्णा."

"नेतो."

पुतण्या दारात उभा होता. मी टेबलावरची यादी आणि तो कागद उचलून शर्टात खुपसले आणि निघालो. त्याने मला कानाखाली मारली. मी भिंतीवर गेलो. दुसरी मारली ती मुठीने, कानावरच. मग पोटात लाथ. बाहेरची वीस माणसं बघत होती, कुणी उठलं नाही. मी त्यांना नावं ठेवू शकत नाही. यादी ओढताना शर्टाची बटणं तुटली, पण मी छातीशी हात घट्ट बांधून खाली बसलो होतो आणि यादी निघाली नाही. आतून आमदारांचा आवाज आला, "बास रे." तेव्हा तो थांबला.

मी तसाच पोलीस ठाण्यात गेलो. कानातून रक्त गळ्यावर आलं होतं. अंमलदाराने पेन उघडलं. "कुणी मारलं?"

"ते नंतर. आधी वस्तीवरच्या म्हाताऱ्याचं लिहा. तो घसरून पडलेला नाही. मी समोर होतो."

"तुम्ही? तुम्ही तर साहेबांचेच ना?"

"हो. त्यांच्याच ट्रॉलीत होतो. लिहा."

पाच जणांची नावं सांगितली. मनगट कुणी धरलं, वरवंटा कुणी उचलला, किती वेळा मारला. मग म्हटलं, आणखी लिहा, वस्तीचं नाव दाखवणारी चिठ्ठी मी दिली होती. तो म्हणाला, त्याची गरज नाही, उलट तुम्हीच अडकाल. मी म्हटलं, ते नसेल तर सही करत नाही. त्याने लिहिलं. सोबत यादी आणि मतदानाचा कागद तक्रारीला जोडायला लावले. माझ्या डाव्या कानाला आता नीट ऐकू येत नाही.

गुन्हा नोंदवला गेला. दुसऱ्या दिवशी पोलीस वस्तीवर पंचनाम्याला आले, तेव्हा त्यांच्यासमोरच ग्रामसेवकाने व्हॉल्व्ह उघडला. पाचही जण तीन दिवसांत जामिनावर सुटले. सत्कार झाला, मोठा झाला. आप्पा गेला नाही. आमच्या घराच्या खिडक्यांच्या काचा दोनदा फुटल्या.

आप्पा दवाखान्यातून आल्यावर मी वस्तीवर गेलो. तो अंगणात घोंगडीवर बसला होता, हात मांडीवर. सुनेने मला बघितलं आणि ती आत निघून गेली.

"आप्पा, माझ्या चुकीने झालं."

"ठाव हाय. पोलीस सांगत व्हतं." "तुमच्या कागदानं माजं बोट गेलं, आन् आता कागदानंच जोडाय आलाय व्हय? तवा टरालीत हुबं व्हता की. म्या बघितलं तुमाला."

"हो. उभा होतो."

"खाली उतराया काय झालं व्हतं?"

मी सांगितलं, भीती वाटली. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं. त्याने मान हलवली. बस म्हणाला नाही, जा पण म्हणाला नाही.

दोन महिन्यांनी आमदारांकडून निरोप आला. आप्पाच्या मुलाला बाजार समितीत काम, वस्तीला स्वतंत्र टाकी, माझ्यावरचा राग संपला. केस मागे घ्या. निरोप घेऊन मलाच वस्तीवर पाठवलं, कारण दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. मी एक शब्द न बदलता सांगितला. आप्पाचा मुलगा कोकणातून परत आला होता. तो म्हणाला, "टाकी मिळतीया तर घ्या की, बाबा."

आप्पा म्हणाला, "टाकी घे. टाकी आपली हाय, साहेबाच्या बापाची न्हाई. पर केस मिटवायची आसंल तर साहेबानं हितं यावं. हितं, ह्या पाट्याम्होरं. आन् चार मानसांत म्हनावं, ह्या म्हाताऱ्यानं मला मत दिलं व्हतं. मंग मी अंगठा लावतो. उजवा हाय अजून."

हे मी आमदारांना त्याच शब्दांत सांगितलं. ते थोडं हसले आणि म्हणाले, बघू. वस्ती त्यांच्या घरापासून दीड किलोमीटर आहे. ते आले नाहीत. केस उभी आहे. साक्षीदारांच्या यादीत पहिलं नाव माझं आहे. पुढच्या तारखेला कोर्टात मला विचारतील, तुम्ही काय पाहिलंत, आणि मी पहिल्यापासून सांगणार आहे.