खाकऱ्याच्या पाकिटावरचा आकडा

गेल्या वर्षी माझा ल्युपसचा आजार मूत्रपिंडांपर्यंत पोहोचला आणि वारज्याच्या आमच्या घरात ताटात डावीकडे मीठ वाढणं बंद झालं. डॉक्टरांनी मीठ फक्त मला कमी करायला सांगितलं होतं. पण "तिने एकटीनेच अळणी का खायचं?" म्हणत आईने सगळ्यांचाच स्वयंपाक तसा सुरू केला. बाबा आमटीत लिंबू पिळायचे आणि गप्प जेवायचे.

पाकिटांवरचं इंग्रजी वाचायचं काम माझं. किराणा आला की आई एकेक पाकीट माझ्यापुढे धरायची, मी सोडियमचा आकडा सांगायचे आणि ती मान डोलवायची. मसाला खाकऱ्यावरचा आकडा मोठा होता.

"चालेल," मी म्हणाले. "यात कमीच आहे."

मग दर आठवड्याला एक पाकीट माझ्या खोलीत जायला लागलं.

काही महिन्यांनी पायांवर सूज आली. चोवीस तासांच्या लघवीचा रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "मीठ बरंच जातंय पोटात."

"अहो, घरात सगळेच अळणी जेवतो," आई म्हणाली. मग म्हणाली, "माझाच हात सैल पडत असेल."

एका वाक्याचं काम होतं. तेही माझ्याकडून झालं नाही.

घरी आल्यावर तिने मिठाची बरणी आणि छोटा चमचा माझ्यासमोर ठेवला. "आजपासून तू मोज. माझ्या हाताचा भरवसा नाही."

त्या दिवशी आमटीत मी मीठ घातलंच नाही.

"गरम पाणी छान झालंय," बाबा म्हणाले आणि वाटी संपवली.

शनिवारी किराण्यात खाकरा होताच. मला आवडतो म्हणून आई तो विसरत नसे. तिने पाकीट पुढे धरलं. या वेळी मी खरा आकडा वाचला.

"हे मला चालत नाही," मी म्हणाले. "आधीही चालत नव्हतं."

आईने पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. "तेव्हा चष्मा नव्हता का लावलास?"

"लावला होता."

तिने पाकीट बाबांच्या डब्याशेजारी ठेवून दिलं आणि कणीक मळायला घेतली.

जेवायला बसलो तेव्हा बाबांच्या ताटात डावीकडे चिमूटभर मीठ होतं. आईच्या ताटात नव्हतं.