कोरी पट्टी

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी बर्फवाल्या बाईंनी माझा प्रबंध थांबवला. त्यांच्या निवृत्तीला चार दिवस उरले होते.

बाई वाशीमच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होत्या. अँटिबॉडीची बोटाच्या पेराएवढी कुपी रेल्वेने आली की त्या बर्फ भरलेला थर्मास मांडीवर धरून स्टेशनवरून ऑटोने आणत. आल्याआल्या तिचे दहा भाग करून गोठवत. वितळलेला भाग पुन्हा गोठवू देत नसत. "तिले किती डाव थंडी वाजवता वं?" म्हणायच्या.

पाण्याचा ताण पडला की सोयाबीनचं रोप स्वतःच्या बचावासाठी ग्लुटाथिओन बनवतं. ते बनवणारं एन्झाइम ताणात वाढतं, हे मला दाखवायचं होतं. पानांच्या अर्कातली प्रथिनं पातळ पट्टीवर उतरवायची, अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून पट्टी दूध पावडरच्या पाण्यात तासभर भिजवायची. मग एन्झाइमला चिकटणारी पहिली अँटिबॉडी द्यायची आणि पहिलीला चिकटून मंद उजेड देणारी दुसरी. अंधाऱ्या खोलीत त्या उजेडाने फिल्मवर रेघ उमटते.

त्या खोलीत बाई फारशा बोलत नसत. लाल दिव्याखाली फिल्मचा ट्रे हलवत राहायच्या. पाणी हलायचं, भिंतीवर त्याची सावली हलायची, आणि बऱ्याच वेळाने तळातून रेघ वर येत असल्यासारखी दिसायची.

त्या दुपारी ती आली. ठळक.

"कोरी पट्टी केली का?" बाईंनी विचारलं. कोरी म्हणजे पहिली अँटिबॉडी न दिलेली; तिच्यावर रेघ येता कामा नये.

"नाही. काल बस गाठायची होती. दुधातही वीसच मिनिटं ठेवली."

"मंग हे रेघ कोनाची हाये, तुले काय मालूम?"

बाईंनी कोरी पट्टी करायला घेतली. तिच्यावरही तीच रेघ, त्याच जागी. दुसरी अँटिबॉडी हिरव्या पानात भरपूर असलेल्या भलत्याच प्रथिनाला चिकटली होती. प्रबंध त्याच महिन्यात मार्गदर्शक सरांकडे द्यायचा होता.

"सरांना कोण सांगणार?" मी विचारलं.

"मी कायले सांगू? रेघ तुही हाये." मग ट्रे धुताना म्हणाल्या, "पानं सोड. मुया घे. हिरव्यातलं ते मुयीत नसते."

मी सरांना सांगितलं. प्रबंध पुढे ढकलला गेला. बाई निवृत्त होऊन शेलूबाजारला आपल्या घरी गेल्या.

पावसाळ्यात कुंड्यांत नवी रोपं लावली आणि मुळांचा अर्क घेतला. रेघ आली, ताणातल्या रोपांत जाड, पाणी दिलेल्यांत बारीक. दिवाळीनंतर दोन फिल्म पाकिटात घालून मी जीपने शेलूबाजारला गेले. बाई अंगणात तूर निवडत होत्या. त्यांनी पदराला हात पुसले.

"पैले कोरी दाखव."

त्यांनी ती उन्हाकडे धरली, बराच वेळ. तिच्यावर रेघ नव्हती.