बायकांच्या सायकलीबाबतचा दुसरा अर्ज

तक्रारदार: माझी धर्मपत्नी, वय पंचेचाळीस, मिहान या कारखान्यांच्या वसाहतीतील एका कॅन्टीनमध्ये पोळ्यांच्या कामावर, आणि तिच्यासोबत रोज सायकलने जाणाऱ्या पाच बाया. विरुद्ध पक्ष: लेडीज सायकल, तिची सीट, हेल्मेट व तत्सम सामान बनविणारे समस्त कारखानदार. घटनेचा काळ: दिवाळी आटोपल्यानंतरच्या पहिल्या सोमवारपासून संक्रांतीच्या आदल्या दिवसापर्यंत. घटनास्थळ: आमचा चौक, वर्धा रोड, आणि मिहानचे फाटक. साक्षीदार क्रमांक एक: चौकातील सायकल मिस्त्री, पूर्वी कळमेश्वरच्या एका कारखान्यात फिटर. साक्षीदार क्रमांक दोन: मी स्वतः, ज्याच्याकडून या प्रकरणात एक कसूर घडली, ती पुढे नमूद केली आहे.

नावे मूळ अर्जात आहेत. येथे ती गाळली, कारण अर्जावर सही करणे वेगळे आणि गावभर वाचले जाणे वेगळे, असे बायांचे म्हणणे पडले.

मी अर्जनवीस आहे. सरकारी कचेरीसमोर ताडपत्रीखाली माझे टेबल गेली सव्वीस वर्षे आहे. शिक्षण आठवीपर्यंत झाले, परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून कोणत्याही खिडकीतून परत आलेला नाही. या धंद्याचा एक नियम आहे, जो मला माझ्या गुरूंनी पहिल्याच दिवशी शिकविला. अर्ज लिहून झाला की अर्जदारास समोर बसवून तो मोठ्याने वाचून दाखवायचा. अर्जदार ‘होय’ म्हणाला, की खाली ओळ लिहायची: ‘वरील मजकूर वाचून दाखविला असून तो मान्य आहे.’ त्यानंतरच सही किंवा अंगठा. माणूस अडाणी असो वा प्रोफेसर, मी हा नियम कधी मोडला नाही. एकदा सोडून.

दिवाळीनंतर धर्मपत्नीस कॅन्टीनमध्ये काम मिळाले. घराबाहेरचे हे तिचे आयुष्यातील पहिलेच काम. गळ्यात अडकवायचे ओळखपत्र मिळाले, ते ती पहिले पंधरा दिवस रविवारीही काढीत नव्हती. ड्युटी सकाळी साडेसहाची, आणि आमच्या वस्तीकडून सातच्या आधी ऑटो निघत नाही. म्हणून सायकल घ्यायचे ठरले.

आम्ही दोघे दुकानात गेलो. दुकानदाराने मला विचारले, “भाऊसाहेब, वैनीसाठी कोणता रंग दाखवू?” वैनी माझ्या शेजारीच उभी होती. मी म्हणालो, “जांभळा.” उंची किती, हात कुठवर पोहोचतो, साडी नेसून चालवणार की सलवार घालून, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही, आणि मलाही तो सुचला नाही. लेडीज सायकल एकाच मापाची येते असे कळले. आम्ही ती घेऊन आलो व तिला हार घातला.

आठ दिवसांनी माझ्या लक्षात आले की धर्मपत्नी उभ्याने जेवते आहे.

“बस ना वं,” मी म्हणालो.

“पोळ्या करता करता जेवते. सवय झाली.”

दहाव्या दिवशी ती चहाही भिंतीला टेकून प्यायली, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाली, “हा महिना पाहते. नाही जमलं तर काम सोडून देते.”

मला धक्का बसला. तिच्या पोळ्यांवर कॅन्टीनचे सुपरवायझर खूश होते. संक्रांतीपासून पोळीचे काउंटर तिच्या ताब्यात देण्याची गोष्ट चालली होती. हे सर्व ती मला रोज दोनदा सांगत असे.

“काहून? काम तर आवडते ना तुले?”

“काम आवडते. सायकल नाही आवडत.”

“म्हणजे नेमकं काय?”

“काही नाही. जाऊ द्या.”

यापुढे दुसऱ्या कोणी माणसाने आणखी दोन प्रश्न विचारले असते. मी अर्ज लिहायला बसलो. सायकल कंपनीस उद्देशून दोन पानांचा अर्ज मी एका बैठकीत पूर्ण केला, आणि तो पूर्ण झाल्यावर मला फार समाधान वाटले. त्यात मी लिहिले होते की, स्त्री ही स्वभावतः कोमल असल्याने तिची सायकलही मनास प्रसन्न करणारी असावी. रंग फिकट गुलाबी असावा. पुढे फुलांची टोपली, हँडलला आरसा आणि मंजुळ घंटी असावी. खाली मान्यतेची ती ओळ लिहिली, फुल्या मारल्या आणि कागद घडी करून धर्मपत्नीच्या डब्याच्या पिशवीत ठेवला. सहाही जणींनी फाटकाजवळ, ड्युटीची वेळ होता होता, फुल्यांवर सह्या केल्या. तो वाचायला कोणास वेळ नव्हता. घरच्या माणसाला काय वाचून दाखवायचे, असा विचार माझ्या मनात आला होता, हे मी कबूल करतो. अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला, उत्तरासाठी पत्ता चौकातील मिस्त्रीच्या दुकानाचा.

तीन आठवड्यांनी एका रविवारी सकाळी मिस्त्रीच्या दुकानासमोर टेम्पो थांबला. कंपनीचे टक्कल पडलेले, टाय लावलेले एक सभ्य साहेब उतरले, आणि त्यांच्यामागून एक गुलाबी सायकल उतरली. टोपलीला प्लास्टिकची फुले होती. घंटी खरोखर मंजुळ होती. निरोप गेला, सहाही बाया जमल्या, मीही इस्त्रीचा सदरा घालून पुढे उभा राहिलो.

“साहेब, हे काय आणलं?” धर्मपत्नीने विचारले.

“मॅडम, अगदी तुमच्या अर्जाप्रमाणे. रंग, टोपली, आरसा, घंटी.”

बायांमध्ये कुहीकडची एक उंच बाई आहे. ती धानाच्या बांधीत, भाताच्या शेतात, वाढली आणि कॅन्टीनमध्ये बटाट्याचे पोते एकटी उचलते. ती म्हणाली, “आरसा काहून वं? ड्युटीवर जाता जाता वेणी घालाची हाय काय मले?”

धर्मपत्नीने अंगठ्याने सीट दाबून पाहिली. “सीट तर तेच हाय.”

“सीटबद्दल अर्जात काही लिहिलेलं नाही, मॅडम.”

“मंग काय लिहिलं हाय?”

साहेबांनी बॅगेतून अर्ज काढला आणि वाचायला सुरुवात केली. माझी वाक्यरचना दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे मला नेहमीच आवडते, पण त्या दिवशी ‘कोमल’ शब्दापाशी उंच बाईने हात वर करून वाचन थांबविले.

“कोमल कोण वं आपल्यात? ज्या असतील त्यांनी हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. मग मिस्त्रीने स्वतःचा, ग्रीसने भरलेला हात वर केला, आणि चौकात इतके हसणे झाले की पोहेवाल्याने झारा खाली ठेवला. साहेबही हसले. शेवटी त्यांनी ती ओळ वाचली: ‘वरील मजकूर वाचून दाखविला असून तो आम्हांस मान्य आहे.’

धर्मपत्नी हसली नाही. ती माझ्याकडे वळली.

“वाचून दाखवलं? कोणाले?”

“मी समजलो की...”

“समजले! सव्वीस वर्षं झाली, रस्त्यावरच्या लोकाइले बसवून बसवून वाचून दाखवता. मले नाही दाखवलं काहून?”

मी इस्त्रीच्या सदऱ्याची वरची गुंडी लावली.

“मी काम सोडाले निघाली,” ती म्हणाली, “अन् तुमी फुलं मागून राहिले!”

साहेबांनी समजूतदारपणा दाखविला. गुलाबी सायकल आठ दिवस वापरून पाहा, म्हणाले, आणि जे काही असेल ते पुन्हा लिहून द्या. तेव्हा धर्मपत्नीने चौकासमक्ष निर्णय दिला.

“उद्या मी हे गुलाबी चालवते. तुमी माही जांभळी चालवा. फाटकापर्यंत. मंग लिहा.”

दुसऱ्या दिवशी पहाटे थंडीत आम्ही सात जण निघालो. माझी उंची धर्मपत्नीइतकीच, किंबहुना एक बोट कमी आहे. ही गोष्ट मी येथे प्रथमच लिहून देत आहे, कारण ती पुराव्याच्या दृष्टीने आवश्यक आहे. हँडल इतके दूर होते की मी टेबलावर ओणवा होऊन खालच्या खणातील शिक्का शोधतो आहे, असे मला वाटत होते. सीट अरुंद, पुढे चोचीसारखी. पहिल्या उड्डाणपुलापर्यंत मी तिच्याकडे दुर्लक्ष केले. पुलानंतर दुसरा विषयच डोक्यात राहिला नाही.

“कसं वाटून राहिलं, भाऊजी?” उंच बाई बाजूने जाता जाता म्हणाली. तिचे स्वतःचे गुडघे प्रत्येक पायडलला हँडलपर्यंत येत होते, हे मला तेव्हा दिसले. हीच एक मापाची सायकल तिला लहान आणि मला मोठी होती.

“ठीक आहे,” मी म्हणालो.

“मंग उभं राहून काहून चालवून राहिले?”

खापरी गावाच्या पुढे चेनने माझा पायजमा धरला. चेनचे कव्हर फक्त वरच्या बाजूस, अर्धेच होते. मी रस्त्याच्या कडेला एका पायावर उड्या मारीत थांबलो. बायांनी खाली उतरून, जराही न गडबडता, पायडल उलटे फिरवून पायजमा सोडविला. त्यांचे हात या कामात इतके सराईत होते की मला विचारावेसे वाटले, हे तुमच्या बाबतीत किती वेळा होते? आणि मी विचारले. या प्रकरणातील माझा पहिला खरा प्रश्न तो होता.

“साडी असली तर आठवड्यातून दोनदा,” एक म्हणाली. “ओढणी असली तर मोजत नाही.”

फाटकाजवळ चहाच्या टपरीपुढे बाकडे होते. धर्मपत्नी त्यावर बसली आणि बाजूची जागा थोपटून म्हणाली, “बसा ना.”

“नको. उभाच बरा.”

ती माझ्याकडे पाहून हसली. त्या महिन्यात ती माझ्याकडे पाहून प्रथमच हसली होती.

त्याच दिवशी संध्याकाळी मिस्त्रीच्या दुकानात दुसरा अर्ज लिहिला गेला. मी टायरच्या चळतीवर पाट ठेवून लिहीत होतो, बाया सांगत होत्या. सीटच्या मुद्द्यापाशी सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. मी त्यांची अडचण ओळखून लिहिले, ‘आसनस्थ अवस्थेत होणारी शारीरिक असुविधा’, आणि वाचून दाखविले.

“हे काय हाय?” धर्मपत्नी म्हणाली. “दुखते. दुखते असं लिहा.”

मी खोडले आणि लिहिले, ‘दुखते’. सव्वीस वर्षांत इतका लहान शब्द मी कोणत्याही अर्जात लिहिला नव्हता. लिहिल्यावर तो कागदावर चांगला दिसला.

मग कोणी कोणाचे ऐकेना. सीट मागे रुंद आणि मध्ये खोलगट हवी, अन् तिचे रेक्झिन मे महिन्यात तापू नये, कारण कॅन्टीनबाहेर उभ्या सायकलवर दुपारी पोळी भाजता येईल, हे पोळ्या करणाऱ्या धर्मपत्नीने सांगितले. ब्रेकचा दांडा लहान हाताच्या बोटांना पोहोचावा. चेन पूर्ण झाकलेली असावी. हेल्मेट अंबाड्यावर बसावे. “माहं हेल्मेट डोक्यावर नाही, अंबाड्यावर टांगलेलं राहते,” एकीने करूनही दाखविले. कॅरिअरवर डबा उभा राहावा. रेनकोट कमरेपर्यंतच असतो, खाली भिजते त्याचे काय करायचे? आणि दुकानात गेल्यावर दुकानदाराने तिच्याशी बोलावे, नवऱ्याशी नाही. हा मुद्दा लिहिताना मी मान वर केली नाही.

मिस्त्री इतका वेळ एक फ्रीव्हील पुसत होता. तो म्हणाला, “मुन्शीजी, बाया येतात अन् म्हणतात, मिस्त्री, सीट थोडी पाहा. थोडी म्हणजे काय ते मले समजते. पण कंपनीले कोण सांगते?” असे म्हणून त्याने माळ्यावरून एका जुन्या सायकलची रुंद, स्प्रिंगची सीट काढली, जांभळ्या सायकलला बसविली, तिची चोच जराशी खाली केली आणि हँडल वळवून जवळ आणले. धर्मपत्नी चौकात दोन फेऱ्या मारून आली. तिसरी फेरी मारायला गेली.

अर्ज पूर्ण झाल्यावर मी उभा राहून तो मोठ्याने वाचला. प्रत्येक मुद्द्यानंतर थांबलो. प्रत्येक वेळी सहा ‘होय’ आले. उंच बाईने चेनचा मुद्दा दोनदा वाचायला लावला, केवळ ऐकायला बरे वाटते म्हणून. एका ठिकाणी मी ‘महिला असूनही दररोज सायकलने कामावर जातात’ असे लिहिले होते.

“असूनही काढा,” धर्मपत्नी म्हणाली.

काढले. वाक्य कुठेही अडले नाही.

साहेब गुलाबी सायकल परत न्यायला आले, तेव्हा अर्ज त्यांच्या हातात दिला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी धर्मपत्नीने सुपरवायझरास सांगितले की ती काम सोडत नाही. पोळीचे काउंटर तिला मिळाले. घरी येऊन ती पाटावर मांडी घालून जेवली आणि काउंटरची गोष्ट तिने मला तीनदा सांगितली. परंतु मिस्त्रीच्या माळ्यावर तशी सीट एकच होती. बाकीच्या पाच जणी अजून उभ्याने चहा पितात.

सबब समस्त सायकल व सायकल-सामान कारखानदारांस नम्र परंतु ठाम विनंती की, सदर दुसऱ्या अर्जाचा विचार व्हावा, आणि सीट, चेनचे कव्हर, ब्रेक व हेल्मेट यांबाबत काय करणार ते लेखी कळवावे. उत्तर माझ्या नावे पाठवू नये, धर्मपत्नीच्या नावे पाठवावे. ते सोप्या भाषेत असावे, कारण ते आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मिस्त्रीच्या दुकानासमोर सहाही जणींना मोठ्याने वाचून दाखविले जाईल, आणि त्या ‘होय’ म्हणाल्या तरच हे प्रकरण मिटले असे धरले जाईल.

वरील मजकूर धर्मपत्नीस वाचून दाखविला. उंचीबाबतचे वाक्य ठेवावे, या अटीवर तिला तो मान्य आहे.