परतूरच्या हॉलमध्ये चढलेल्या आठ तारा

सुरुवातीलाच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. जालन्यात एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. भूतबित, अंगात येणं, नजर लागणं... कोणी सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. आमच्या मारवाडी घरात आई अजून दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची बांधते आणि मी अजून तिच्याशी भांडते. तरी आज लिहायला बसले आहे, कारण नवरा, नितीन, म्हणाला की एकदाचं लिहून टाक, रोज जेवताना तेच ऐकून मला अपचन व्हायला लागलंय.

तर, मी गिटार वाजवते. आठ तारांची. नेहमीच्या गिटारला सहा असतात, माझ्या गिटारला त्यांच्या खालच्या सुरांच्या आणखी दोन जाड तारा आहेत. पुण्याच्या एका कारागिराकडून मुद्दाम करून घेतली. आणि माझा जोडीदार म्हणजे परतूरचे किसनकाका. वय सहासष्ट, वाद्य क्लॅरिनेट. तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये काढली त्यांनी.

आमची ओळख कशी झाली हे सांगायची मला लाज वाटते. माझ्या मामेबहिणीचं लग्न परतूरला होतं. मे महिना, भर दुपारची वरात. गाडीवर कीबोर्ड आणि सोबत काकांचं क्लॅरिनेट. दोघांचे सूर काही केल्या जुळेनात. माझे मामा कापसाचे व्यापारी, आवाज मोठा... त्यांनी सरळ माईक ओढून घेतला आणि सगळ्या वरातीसमोर म्हणाले, "ओ क्लॅरिनेटवाले, बंद करा ते. बेसूर वाजून राह्यलं." लोक हसले. काकांनी क्लॅरिनेट पुसलं, पेटीत ठेवलं आणि उन्हात एकटेच चालत निघून गेले. मी तिथेच हातात सरबताचा ग्लास धरून उभी होते. 

पंधरा दिवस ते डोक्यातून जाईना. शेवटी पत्ता काढून त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी शांताकाकू चहा ठेवायला उठल्या, काका मात्र वळूनसुद्धा बघेनात. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "काका, चूक तुमच्या कानाची नव्हती, उन्हाची होती. नळीतली हवा तापली की क्लॅरिनेटचा सूर चढतो. कीबोर्ड मशीन आहे, ते जागचं हलत नाही."

काका आता वळले. "मॅडम, मंग परतूरात गरमी नसती असा महिना सांगा मला."

मला हसू आलं. मग त्यांनी विचारलं, "अन् तुमच्या त्या आठ तारा? उन्हात त्या काय करतात?"

"तार तापली की लांबते, सैल पडते. सूर उतरतो."

"म्हणजे मी वर जाणार अन् तुमी खाली. झकास जोडी हाय."

तिथून सुरू झालं. दर रविवारी सकाळी मी जालन्याहून गाडीनं परतूरला जायचे आणि ऊन चढायच्या आत आम्ही वाजवायचो. काय वाजवायचं ते ठरवायचंच नाही, हा माझा हट्ट. एकानं काहीतरी सुरू करायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. काकांना आधी पटेना. "गाणं न्हाई तर पब्लिक वळखणार काय?" पण दुसऱ्याच रविवारी म्हणाले, "कळलं. नवरदेव घोड्यावर बसायला उशीर करतो, गाणं तर संपून गेल्तं, तवा आमी मनानंच वाजवत राहतो... ते हाय हे." मी नऊ वर्षं ज्या गोष्टीवर पुस्तकं वाचत होते ती त्यांनी एका घोड्यात सांगितली. आणि खरंच, त्या घोड्याच्या वेळात त्यांनी आयुष्यभर जे साठवलं होतं ते इतकं सुंदर होतं की मी कित्येकदा वाजवायची थांबून नुसती ऐकत बसायचे. मग काका डोळे वटारायचे.

पण बाहेर, लोकांसमोर? बिलकुल नाही. वर्षभर नाहीच म्हणत होते. गेल्या मार्चमध्ये परतूरच्या एका वाचनालयाकडून वार्षिक कार्यक्रमाचं बोलावणं आलं. काका दोन दिवसांनी म्हणाले, "एकदा वाजवतो. जिथं हसले तिथंच. पुन्हा बेसूर झालो तर क्लॅरिनेट पेटीत, पेटी माळ्यावर, अन् तुमी माझ्या दारात गिटार घेऊन यायचं न्हाई. बोला, कबूल?"

मी कबूल म्हणाले. कार्यक्रम संध्याकाळी सातचा होता, हॉलला चार मोठे कूलर होते. मी सगळं विचारून घेतलं होतं. फिजिक्सवाली बाई आहे मी, तयारी पक्की असते माझी.

एप्रिलमधली तारीख. आदल्या दिवशी फोन आला की प्रमुख पाहुण्यांना परभणीची गाडी गाठायची आहे, तेव्हा तुमचं वाजवणं दुपारी दोनला. मी त्या माणसाला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

हॉल म्हणजे लग्नाचं मंगल कार्यालय, वर पत्रा. आम्ही पोचलो तेव्हा लाईट गेल्ती. कूलर बंद, लोक हातातल्या पत्रिकांनी वारा घेत होते. पहिल्या रांगेत देणगीदार म्हणून कोण बसलेलं? माझे मामा. काकांनी बघितलं. नुसता घाम पुसला.

तरी एक उपाय होता. क्लॅरिनेटचा वरचा सांधा जरा बाहेर ओढला की सूर थोडा उतरतो. मी हळूच म्हणाले, "काका, सांधा ओढून घ्या." त्यांनी ओढून बघितला. सांधा सैल होऊ नये म्हणून त्यांनी त्याला सूत गुंडाळून इतका आवळून बसवला होता की तो तसूभर हलेना. "राहू द्या मॅडम," म्हणाले, "जल्दी सुरू करू अन् जल्दी संपवू."

सुरू केलं. ट्यूनर लावून मी तारा बरोबर जुळवून घेतल्या होत्या, त्यामुळे पहिली पाच मिनिटं ठीक जाणार हे माहीत होतं. पुढचंही माहीत होतं. मी त्या दोन जाड तारांना हातच लावत नव्हते, कारण लांब, खोल सुरात फरक लगेच उघडा पडतो. वरच्या तारांवर झटपट काहीतरी वाजवत पळत होते. घाबरले होते मी, सरळ सांगते. मामांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. डोक्यात एकच चाललेलं... आज या माणसाचं वाजवणं माझ्यामुळे कायमचं बंद होणार.

दहाएक मिनिटं झाली असतील. काकांनी एक सूर लांबवला आणि तो धरूनच ठेवला. माझ्याकडे बघितलं. भुवयांनी खाली खूण केली. त्यांना जाड तार हवी होती.

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी सूर सोडला नाही. हॉल शांत झाला, हलणाऱ्या पत्रिकासुद्धा थांबल्या. मग मी डोळे मिटले आणि सगळ्यात खालच्या सुराची तार मोकळी, कुठेही बोट न दाबता, छेडली.

बराबर. अगदी बराबर. दोन वाद्यं वाजताहेत हे मलाच कळेना इतकी बरोबर. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पुन्हा छेडली, पुन्हा तेच. काकांचे डोळे चमकले आणि त्यानंतर त्यांनी जे काढलं... मी काय सांगू. चाळीस मिनिटं आम्ही थांबलोच नाही. ते वर गेले, मी सोबत. मी खोल उतरले, ते माझ्याआधी तिथे हजर. पत्र्याखाली भट्टी पेटलेली आणि एक सूर ढळला नाही. संपलं तेव्हा लोक उभे राहून वन्स मोअर ओरडत होते आणि शांताकाकू पदर तोंडाला लावून रडत होत्या. मीपण रडत होते, पण घामात कोणाला कळलं नाही.

मामा स्टेजवर आले. माईक घेतला नाही त्यांनी या वेळी. म्हणाले, "किसनराव, माझ्या नातीच्या लग्नात तुम्हीच वाजवायचं."

"नात किती मोठी हाय?"

"चौथीत आहे."

"मंग तवर वाजवत राहावं लागंल मला," काका म्हणाले आणि मोकळेपणी हसले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गिटार पेटीत ठेवताना सवयीनं ट्यूनर लावला. सूर बरोबर असेल तर त्याचा काटा मध्ये राहतो, उतरला तर डावीकडे जातो, चढला तर उजवीकडे. इतक्या गरमीत काटा डावीकडेच जायला हवा. तो उजवीकडे गेला. पहिली तार उजवीकडे, दुसरी उजवीकडे... आठही तारा चढलेल्या, आणि आठही सारख्याच, एका रेषेत. खुंट्यांना कोणी हात लावला नव्हता, गिटार पूर्ण वेळ माझ्या मांडीवर होती. ट्यूनर बिघडला म्हणून फोनवर तपासलं. तेच.

नितीननं रेकॉर्डिंग केलं होतं. घरी लॅपटॉपवर मिनिटामिनिटाला तपासलं. क्लॅरिनेट हळूहळू चढत जातं, ते चढणारच. आणि गिटार त्याच्याबरोबर, त्याच चालीनं चढत जाते. मी तारा ओढून वाजवल्या म्हणावं तर मोकळ्या तारा ओढता येत नाहीत. लाकूड फुगलं म्हणावं तर ते दमट हवेत फुगतं, आमच्याकडच्या कोरड्या उन्हात आकसतं. पुण्याच्या कारागिरानं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तुम्हीच खुंट्या पिळल्या असतील, विसरलात." मी फोन ठेवून दिला.

पुढच्याच आठवड्यात त्याच हॉलमध्ये, त्याच वेळी, पंखे-कूलर बंद करून गिटार दोन तास ठेवली. तारा शहाण्यासारख्या उतरल्या. मग काकांना बोलावून दोघांनी वाजवलं, तरी उतरल्या. तिसऱ्यांदाही तेच. जे झालं ते त्या एकाच दुपारी झालं, जेव्हा त्याची गरज होती. हे वाक्य मी लिहिलंय यावर माझे विद्यार्थी विश्वास ठेवणार नाहीत.

काकांना सगळं समजावून सांगितलं. रेकॉर्डिंग ऐकवलं, आलेख दाखवला. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "त्यात काय एवढं? मला तर खाली येता येईना. मंग कोणीतरी वर यायलाच पाहिजे होतं ना."

एवढंच. त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही आणि मला अजून झोप लागत नाही. याचं कारण माझ्याकडे नाही, तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर सांगा, फक्त खुंट्या पिळल्या असतील असं सांगू नका.

परवा मी काकांकडे असताना मंठ्याहून फोन आला. तिथल्या लोकांना आमचा कार्यक्रम हवा आहे, मे महिन्यात. त्यांनी काकांना विचारलं की एसीचा हॉल बघू, की एक पत्र्याचा आहे, जास्त लोक बसतील. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"पत्र्याचाच घ्या," ते म्हणाले. "अन् टाइम दुपारचाच ठेवा."

मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात सुट्टीतल्या ड्यूटीसाठी रजेचा अर्ज देऊन आले.