निरोगींच्या रांगेतलं माझं रक्त

‘निरोगी’ हा शब्द ऐकला की अजून माझं डोकं फिरतं. शहरातल्या एका प्रयोगशाळेत मी टीबीवर काम करत होते. रुग्णांच्या रक्ताशी तुलना करायला निरोगी माणसांचं रक्त लागायचं. ते कुठून आणायचं? आमचंच. हात पुढं करायचा, सुई टोचून घ्यायची, नळीवर ‘निरोगी’ लिहायचं, झालं. खोकला नाय, ताप नाय, मग निरोगीच की!

रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून आम्ही प्लेटीतल्या बारक्या खळग्यांत ठेवायचो आणि त्यांच्यावर टीबीच्या जंतूचे तुकडे सोडायचो. ज्या पेशींची त्या जंतूशी आधी गाठ पडलीय, त्या त्याला ओळखतात, चवताळतात, एक रसायन सोडतात. मग शेवटच्या पायरीला तो खळगा पिवळा होतो. बाकीच्या पेशी गप्प राहतात.

माझे खळगे हळदीसारखे पिवळे झाले. मला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. पुन्हा केलं, पुन्हा पिवळे. एक्स-रे काढला, तो साफ. म्हणजे आजार नव्हता, पण जंतू कधीतरी अंगात शिरला होता आणि पेशींनी त्याला दाबून धरलं होतं. आमचे सर म्हणाले, अशी माणसं आपल्याकडं पोत्यानं सापडतील, तू निरोगींच्या यादीतून तुझं नाव काढ.

मला रडू नाय आलं, लई संताप आला. करमाडजवळच्या आमच्या घरात माझ्या काकूला टीबी झाला होता. मी तेव्हा शाळेत होते. ती महिनोन्‌महिने खोकत होती आणि आम्ही सगळी लेकरं तिच्याजवळ एकाच खोलीत निजायचो. तिला दवाखान्यात न्यायला कुणाला सवड नव्हती. टीबीचं नाव निघालं तशी मात्र सगळ्यांना सवड झाली. ताट वेगळं, पेला वेगळा, अंथरूण गोठ्यात. गोळ्या खाऊन ती सहा महिन्यांत बरी झाली, तरी तिला कन्नडला भावाकडं धाडलं आणि तिचं दोन वर्षांचं पोरगं ठेवून घेतलं. लेकरांना वाचवलं म्हणून मिरवत होते सगळे. काय वाचवलं, डोंबल!

आता त्या पोराचं लग्न ठरलं होतं. घरात बैठक बसली आणि माझ्या वडलांनी, अण्णांनी, सांगून टाकलं की पोराच्या आईनं अक्षता टाकायला यावं, पण हळदीला नाय, पंगतीला नाय. पाहुण्यांत चर्चा नको. मी माझा रिपोर्ट त्यांच्यासमोर आपटला.

“त्योच जंतू माझ्या बी अंगात हाय, अण्णा. इतकी वर्षं तुमच्या पंगतीत जेवले. आता माझं बी ताट गोठ्यात लावा.”

अण्णा तो कागद उलटसुलट करत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, आण तिला, हळदीच्या आधीच आण.

दुसऱ्या दिवशी मी तोऱ्यातच कन्नडच्या एसटीत बसले. काकूला सगळं रंगवून सांगितलं, अण्णांचं तोंड कसं उतरलं ते बी. वाटलं, आता हसंल. तिनं एवढंच विचारलं,

“म्हणजे माझ्यापायी तुला लागलं?”

मी तिला समजावलं की मला आजार झालेलाच नाय, अन्‌ जंतू कुणाकडून आला ते कुठली बी तपासणी सांगत नाय, एसटीत बी आला असंल. तिनं व्हय व्हय म्हणत मान हलवली. चहा केला. माझा कप माझ्या हातात दिला आणि स्वतःचा घेऊन उंबऱ्याबाहेर जाऊन बसली. मला तिचा राग आला, घरच्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या तोंडाचा आला. मी हळदीचा विषय काढला.

“अक्षतांपुरती येईन म्हणून सांग,” ती म्हणाली. “लांबूनच टाकीन.”