मोठ्या बाईनं पोरगं परत केलंच नाही

बाई गेल्या हे सांगाले भासरे स्वतः आमगावहून सकाळच्या गाडीनं आले. बाई म्हंजे माह्या मोठ्या जाऊबाई, सोनाबाई; भासरे त्यायचे मालक. माहेरच्या लग्नाले गेल्या होत्या, तिथं ताप डोक्यात गेला... मी रडली नाही. आधी पोराले पोटाशी धरलं अन् विचारलं, "जाताना काही बोलल्या का? मोलीरामचं काही?"

"बोलाची शुद्ध कुठं होती वं यमू," भासरे म्हणाले.

महिना उलटला, माह्या जिवाचा धाक जात नाही. गेलेल्या माणसाचं चांगलंच लिहावं म्हणतात. मी चौथी शिकलेली, जसं झालं तसं लिहून राहिली.

माह्ये पहिले दोन लेकरं पाळण्यातच गेले. तिसरा झाला तवा सासू म्हणाली, याले विकून टाका, म्हंजे मरणाच्या डोळ्यात हा तुहा नाही. आमच्याकडं तसं करतात. बाईले लेकरू नव्हतं. त्यायनं सूपभर धान माह्या पदरात ओतलं अन् पोरगं उचललं. मोल देऊन घेतला म्हणून मोलीराम. दूध माह्यं, पण नावानं बाईचा. मंग एक दिवस बाईनं आपल्या तोंडानं "घे तुहा" म्हणाचं, मी धान परत ओताचं, की झालं. सारे हसत होते. मी बाईचे हात पाहून राहिली होती... उचललेलं पोरगं त्यायनं लवकर खाली ठेवलं नाही.

औंदा हिवाळ्यात त्या म्हणाल्या, "चाल, मंडल्याले जाऊ. शनिवारी जाऊ, सोमवारी घरी. राजाचा किल्ला पाहू, नर्मदेत आंघोळ करू." मले वाटलं, तिथं देतील परत. मी मुकाट्यानं धान बांधून घेतलं. छोट्या लाईनची गाडी, नैनपूरले बदलली, डोळ्यात कोळसा जाऊन राहिला, अन् पोरगं साऱ्या रस्त्यानं बाईच्याच मांडीवर. समोरची बाई म्हणे, "बिलकुल माँ पे गया है." बाई हसल्या. नाही म्हणाल्या नाही.

किल्ल्याच्या पडक्या बुरुजाखाली घाट. मी लुगडं पिळून वळली, तं दोघंही नाहीत! धावली मी तशीच ओली. पायऱ्यांवर पंड्याजवळ बसल्या होत्या, पोराच्या कपाळाले गंध. पंडा विचारून राहिला, "बच्चे की माँ कौन?"

"मी," बाई म्हणाल्या.

मी पोरगं हिसकलं. "बाई, खोटं काऊन बोलल्या?"

"येडी का तू? तुह्यं नाव घेऊ इथं? दोन गेले ते पुरले नाही तुले?"

"मंग आता द्या न परत. धान आणलं मी."

त्या पोराकडं पाहून राहिल्या. "अजून नाही. दुधाचे दात पडू दे."

दुधाचे दात! आमच्या गावात पोरगं चालाले लागलं की देतात.

येताना ते धान मी मांडीवर धरून बसली. बाईनं फुटाणे घेतले, पहिली मूठ माह्या हातावर ठेवली. "भेऊ नको वं," म्हणाल्या. एवढ्या मायेनं म्हणाल्या, का मले आणखीच भेव वाटलं.

आता सासू म्हणते, ज्यानं घेतलं त्यानंच द्यावं लागते, भासऱ्याच्या तोंडचं चालत नाही. मंग पोरगं कोणाचं? माह्यं म्हटलं तं मरण ऐकेल. बाईचं म्हटलं तं... बाई तं मरणाच्याच घरी गेल्या.

दुपारी मोलीराम झोपत नाही. बाई त्याच्या कानाची पाळी चोळत, तवाच झोपे. आता मी चोळते. डोळे मिटून तो विचारते, "मोठी माय?"

मी दाराकडं पाहते. कोणी नसते. मंग हळूच म्हणते, "हो."